नवतप्यात अजनी : रेल्वे कॉलनीतला रानमेवा

मे अखेरीला नागपूरला निघाले म्हटल्यावर आमच्या ठाण्याच्या सोसायटीत पहिला प्रश्न आला, "घरी सगळं ठीक आहे ना?" नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, विदर्भात माणूस लग्नाला जातो, नाहीतर मयतीला. हौसेनं कोणी जात नाही, असा सगळ्यांचा ठाम समज. माझं कारण यातलं एकही नव्हतं. माझा मामेभाऊ, आमचा दादा, अजनीच्या लोको शेडमधून ३१ मेला निवृत्त होणार होता. पाठोपाठ क्वार्टरही सोडायचं. मामाही रेल्वेतच असल्यामुळे शाळेतल्या माझ्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या याच कॉलनीत गेल्या. वहिनीचा फोन आला, "ये तू. औंदा आंबा गच्च लागला आहे. चिचबिलायाही शेंड्यावर उरल्यात थोड्या. पुढच्या साली यायचं म्हटलं तर आम्ही नसू इथं."

मी लगेच तिकीट काढलं आणि मनाशी ठरवलं, तिथे असेपर्यंत फळ विकत घ्यायचं नाही. जे झाडाखाली आणि आकडीच्या टप्प्यात मिळेल तेच खायचं.

अजनी पाहायला कोणी जात नाही. वर्धा रोडवरून जाताना डाव्या हाताला मध्यवर्ती कारागृहाची लांबच लांब भिंत दिसते. तिच्या पलीकडे रूळ, इंजिनांची शेड आणि क्वार्टर्स. पूर्वेला मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि त्याच्या पोटात औषधांची दुकानं, खानावळी, रुग्णांच्या नातेवाइकांची गर्दी. उत्तरेला जाटतरोडी, इमामवाडा, उंटखाना : गॅरेजं, भंगारवाले, दाट वस्ती. नागपूर म्हटलं की लोकांना संत्री आठवतात, पण मृग बहाराची संत्री मार्चमध्येच संपतात. मेमध्ये फळ खायचं तर ते असल्या जुन्या, झाडं शिल्लक राहिलेल्या वस्त्यांमध्येच शोधायचं.

२८ मे

विदर्भ एक्सप्रेसनं सकाळी उतरवलं तेव्हाच फलाटावरची हवा तापलेली होती. घरी पोचून चहा घेतला. दादा ड्युटीवर गेलेला. वहिनीनं पिशवी हातात दिली, डोक्याला ओढणी बांधायला लावली आणि खिशात कांदा घातला. कांद्यानं ऊन लागत नाही यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण वहिनीशी यावर वाद घालायचा नसतो.

क्वार्टर्सच्या मागच्या गल्लीत, बंद पडलेल्या पाण्याच्या टाकीजवळ चिचबिलाईची तीन झाडं आहेत. इकडे आपण विलायती चिंच म्हणतो तीच. मूळची मेक्सिकोकडची, फिलिपिन्समार्गे भारतात आली आणि कुंपणाला लावता लावता इतकी आपलीशी झाली, की तिला परकी म्हटलं तर लोक भांडायला उठतील. एप्रिलमध्ये हे झाड हिरव्या-गुलाबी वेटोळ्यांनी भरतं. आता पोपटांनी आणि पोरांनी सगळं साफ केलं होतं, शेंड्यावर काही झुपके तेवढे उरले होते.

झाडाखाली चार पोट्टे आधीच हजर. त्यातला सर्वात लहान, साताठ वर्षांचा, माझी पिशवी बघून म्हणाला, "मावशी, इकडचं झाड आमचं आहे. तिकडचं गोड नाही, पण ते घ्या तुम्ही."

"तुमचं कसं?"

"आम्ही पाच वाजतापासून आहो नं इथं."

युक्तिवाद बिनतोड होता. मी तिकडच्या झाडाकडे गेले. फळ खरंच तुरट निघालं. घशात बसलं, ठसका लागला. मग त्या पोरानंच येऊन मूठभर गुलाबी गर माझ्या हातावर ठेवला आणि सांगितलं की शेंग आपोआप उकललेली असेल तीच घ्यायची, हिरवी ओढून काढू नये. काळ्या बिया ते जपून खिशात घालत होते. बीचं वरचं काळं साल नखानं काढायचं, पण आतलं तपकिरी साल फाटू द्यायचं नाही, असा खेळ. मी लहानपणी खेळले तेव्हाही हाच होता. एकाकडे अशा सोललेल्या बियांची काड्यापेटी भरलेली होती.

दुपारी अकरानंतर बाहेर पडायची बातच नाही. वहिनीनं गोळाभात केला होता, वर फोडणीचं तेल आणि सोबत कैरीचा तक्कू. किसलेली कैरी, कांदा, गूळ, तिखट, मीठ. नंतर कूलरसमोर आडवं होणं. वाळ्याच्या ताट्यांतून येणारा तो ओला वास मुंबईच्या एसीला येत नाही. पारा ४५ च्या वर होता. इथल्या लोकांना आकड्यांचं काही वाटत नाही. २०२४ च्या मे अखेरीला इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते आणि देशभर खळबळ उडाली होती. पुढे हवामान खात्यानं यंत्रात बिघाड असल्याचं सांगितलं. दादा म्हणतो, तेव्हाही शेडमध्ये कोणी मान वर करून पाहिलं नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी : वेळ सकाळी पाच ते आठ, नाहीतर संध्याकाळी सहानंतर. कापडी पिशवी, पाण्याची बाटली, टोपी किंवा दुपट्टा. चिचबिलाई रिकाम्या पोटी खाऊ नका आणि एका वेळी फार खाऊ नका, कोरडी असते. कॉलनीत रेल्वेची हद्द असते. ओळखीचं कोणी सोबत असेल तरच आत जा. आणि रुळांच्या बाजूच्या झाडांना बांबू लावायचा नाही म्हणजे नाही. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि ती शिवायच्या आधीच ओढते. रूळ ओलांडणं हाही गुन्हा आहेच. दादानं हे दोन्ही मला जेवताना, झोपताना आणि उठल्यावर सांगितलं.

२९ मे

रात्री अडीचला वावधन सुटलं. आधी लांबून पत्र्यांचा आवाज, मग धूळ, मग खिडक्यांची आदळआपट. लाईट गेली. आणि त्या अंधारात मागच्या अंगणात धप, धप, धप सुरू झालं. वहिनी झोपेतच म्हणाली, "पडू दे. पाचला उठू." पाऊस आला तो जेमतेम अंगण भिजवण्यापुरता.

पाचला उठून पाहिलं तर सगळी कॉलनी बाहेर. टोपल्या, घमेली, जुनी चादर, एकाकडे हेल्मेट. क्वार्टर्सच्या शेवटच्या ओळीत, गेल्या वर्षापासून रिकाम्या असलेल्या एका कवेलूच्या घराच्या अंगणात मोठं गावरान झाड आहे. ते कोणी लावलं ते आता कोणाला सांगता येत नाही. बदली होऊन आलेला कोणी ड्रायव्हर असेल, नाहीतर गार्ड. इथे झाड लावणाऱ्याला फळ मिळतंच असं नाही. आंब्याला धरायला पाच-सात वर्षं लागतात, तोवर त्याची भुसावळला नाहीतर इटारसीला बदली होते. येणारा आयतं खातो आणि तोही जाताना अंगणात काहीतरी लावून जातो. मामानं बेल लावला होता, त्याच्याआधीच्या कोणीतरी लावलेली रामफळं आम्ही खाल्ली.

मालक नसलेल्या झाडाखाली भांडणं होतील असं वाटतं ना? होत नाहीत. त्या झाडाजवळच्या क्वार्टरमध्ये एक आजी राहतात, मुलगा पॉइंट्समन आहे. त्या खुर्ची टाकून बसलेल्या होत्या. पडलेलं ज्याचं त्यानं वेचायचं, पण झाडावर कोणी चढायचं नाही आणि दगड मारायचा नाही. बाळंतीण असलेल्या घरी एक टोपली आधी जाते. बाहेरून आलेल्याला, म्हणजे मला, पहिल्या फेरीत वेचायला मिळत नाही. मी उभी राहिले. दुसऱ्या फेरीत आजीच म्हणाल्या, "आता घ्या जी तुम्ही. चिकाचा डाग साडीवर पडू देऊ नका."

दोन तासांत आमच्याकडे दोन घमेली कैऱ्या जमा झाल्या. मग खरं काम. वाऱ्यानं पाडलेली कैरी आपटलेली असते, ती टिकत नाही, त्यामुळे त्याच दिवशी उरकावी लागते. वहिनीनं तीन ढीग केले. अगदी कोवळ्या, कोय न धरलेल्या चटणी-तक्कूला. मधल्या, फुटलेल्या भाग कापून, मेथांब्याला. उरलेल्या उकडून पन्ह्याला. शेजारच्या तिघी आपापली सुरी-विळी घेऊन आमच्याच ओसरीवर आल्या, आणि गप्पा अशा रंगल्या की दादाच्या निरोप समारंभात कोणी काय नेसायचं हेही तिथेच ठरलं. मेथांब्याचा गूळ जरा जास्त शिजला, पाक तारेवर आला. वहिनीच्या मते तो जास्त टिकेल. चाटायला मात्र चमचा वाकवावा लागतो.

झाडावर टिकलेल्या आंब्यांना नुकता पाड लागला होता. रोहिण्या लागल्या की गावरान आंबा पिकायला लागतो. संध्याकाळी आजींच्या मुलानं बांबूला जाळी बांधलेला झेला काढला आणि पाडाचे म्हणून मोजके आंबे उतरवले. बाकी पक्के आंबे दादानं तणसात माच घालायला ठेवले. पाडाचा एक आंबा मी तिथेच, उभ्यानं, चीक काढून चोखला. बोटभर रेषा, लहान फळ, आंबटगोड, वास मात्र अख्ख्या ओसरीभर. हापूस मला आवडतो, पण या आंब्याला तोंडात घेऊन बोलता येत नाही, एवढा रस.

३० मे

आज कॉलनीच्या बाहेर. पहाटे दादाच्या स्कूटरवरून जाटतरोडी-उंटखाना. दादाला वस्तीतली झाडं तोंडपाठ. कुठल्या गल्लीत काय आहे हे तो दुकानांच्या खुणांवर सांगतो : वेल्डिंगवाल्याच्या मागे भोकर, भंगारवाल्याच्या दारात बेल, आटाचक्कीच्या बोळात जांभूळ.

भोकराचं झाड एका गॅरेजच्या अंगणात, निम्म्या फांद्या पत्र्यावर टेकलेल्या. लोणच्याची हिरवी भोकरं एप्रिलच्या शेवटी काढून झालेली. आता होती ती पिकलेली, गुलाबी-पिवळसर, पारदर्शक होत आलेली. तोंडात टाकलं की गोड आणि बुळबुळीत. मेकॅनिक काका गाडीखालून बाहेर आले.

"काय करून राहिले भाऊ सकाळी सकाळी?"

"बहीण आली ठाण्याहून. भोकरं दाखवून राहिलो."

"हे खायला ठाण्याहून आल्या?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मग पत्र्यावर चढून एक फांदी वाकवून धरली आणि वरून बोलत राहिले. लहानपणी पतंग चिकटवायला हाच चिकट गर वापरायचे. लोणच्यासाठी भोकरं फोडताना हाताला आणि दगडाला मीठ लावून घ्यायचं, नाहीतर बी सुटता सुटत नाही आणि बोटं एकमेकांना चिकटतात. "गॅरेजचं ग्रीस निघते, याचा चीक निघत नाही," असं म्हणून त्यांनी हात पुसले ते दादाच्या स्कूटरच्या सीटवर.

भंगारवाल्याच्या दारचा बेल मात्र उंच निघाला. खाली एकच फळ पडलेलं, कवच तडकलेलं, आत मुंग्या. तडकलेलं बेलफळ घेऊ नये. अखंड, पिवळं पडलेलं, देठापासून सहज सुटलेलं घ्यावं. घर गाठेपर्यंत वाटेत मामानं लावलेल्या झाडाखाली तसं मिळालं. त्याचं सरबत संध्याकाळी झालं : गर पाण्यात कोळायचा, हातानंच, मिक्सर लावला तर बिया फुटून कडू होतं. गाळणीतून दोनदा गाळायचं. गूळ बेतानं.

जांभळानं निराशा केली. आटाचक्कीच्या बोळातल्या झाडावर घोस भरपूर, पण सगळे हिरवे, एखाददुसरं दाणं जांभळट. चक्कीवाल्या बाई म्हणाल्या, मिरग लागल्याशिवाय नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या झाडाखाली जुनं नऊवारी लुगडं चौघीजणी ताणून धरतात, एक जण आकडीनं फांदी हलवतो. जांभळाच्या झाडावर कोणी चढत नाही, लाकूड ठिसूळ, फांदी कडकन मोडते. दरवर्षी शहरात कोणी ना कोणी मेडिकलला पोचतं, असं त्या म्हणाल्या. मेडिकल इतकं जवळ असल्यामुळे या भागातल्या सगळ्या धोक्याच्या सूचना तिथेच संपतात.

मेडिकल चौकाकडे वळताना फुटपाथवर एक बाई टेंभरं आणि चारं घेऊन बसली होती. टेंभरं म्हणजे तेंदूची पिवळी फळं, ज्याच्या पानाची विडी होते ते झाड. चारं म्हणजे चारोळीची काळसर फळं, आतल्या बीतून चारोळी निघते. हे दोन्ही जंगलातलं, शहरातल्या झाडांवर मिळणारं नाही. माझा न विकत घेण्याचा नियम इथे अडला. दादानं स्कूटरच्या डिक्कीतून कालच्या कैऱ्यांची पिशवी काढली. बाईनं कैऱ्या चाचपल्या, दोन फुटक्या बाजूला काढल्या, उरलेल्यांच्या बदल्यात टेंभरांचे दोन वाटे आणि पानभर चारं दिली. सौदा तिच्या बाजूनं झाला, पण तक्रार नाही. टेंभराचं साल कडक, आतला गर चिकूच्या वळणाचा, पण अर्धं पिकलेलं खाल्लं तर जीभ आखडते. बाईनं प्रत्येक फळ दाबून दिलं.

संध्याकाळी दादाचे शेडमधले मित्र आले आणि गप्पा झाडांवर गेल्या. २०२०-२१ मध्ये इथे इंटरमॉडल स्टेशन, म्हणजे रेल्वे, बस आणि मेट्रो एकाच ठिकाणी, होणार म्हणून अजनीतली हजारो झाडं जाणार होती. तेव्हा नागपूरकर रस्त्यावर उतरले, झाडांना मिठ्या मारून झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. कॉलनीला 'अजनी वन' म्हणायला लागले ते तेव्हापासून. इथे राहणाऱ्यांना ते नाव जरा विनोदी वाटतं. एक जण म्हणाला, "वन कायचं? आमच्या बायकांनी सांडपाण्यावर वाढवलेली झाडं आहेत." अजनी स्टेशनच्या पुनर्विकासाची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. जुनी क्वार्टर्स किती राहतील यावर त्या चौघांची चार मतं होती. मला एवढं दिसलं, की घर रिकामं झालं की पाणी थांबतं आणि कुंपण पडतं. आजींची खुर्ची त्या आंब्यासमोर आहे तोवर त्याचं ठीक आहे.

जाणाऱ्यांसाठी, पुन्हा : रिकाम्या क्वार्टरचं झाड असलं तरी शेजारच्या दारात विचारा. नकार मला एकदाही मिळाला नाही, थांबायला मात्र सांगतात. ओळख नसलेलं फळ तोंडात घालू नका. कॉलनीच्या कुंपणांवर पिवळी कण्हेर आहे आणि चंद्रज्योतही. दोन्हींच्या बिया विषारी आहेत, लहान मुलं सोबत असतील तर आधी ही दोन झाडं त्यांना दाखवा. नालीच्या काठचं आणि रुळाच्या खडीत पडलेलं फळ सोडून द्या. जे आणाल ते तासभर पाण्यात ठेवा, गावरान आंबा तर नक्कीच, चीक उतरतो आणि उष्णताही कमी बाधते.

३१ मे

शेवटच्या दिवशी फळं वेचायला गेलो नाही. सकाळपासून स्वयंपाक. वहिनीच्या सासरी आमरस सरगुंड्यांशिवाय होत नाही. सरगुंडे म्हणजे कणकेच्या, काडीवर गुंडाळून केलेल्या, वाळवलेल्या नळ्या. त्या वाफवायच्या आणि रसात बुडवायच्या. त्या तिनं मार्चमध्येच करून ठेवल्या होत्या. माचातले आंबे निघाले ते निम्मेच तयार. आजींकडून एक टोपली आली, मेकॅनिक काकांनी कुठूनशी एक पिशवी पाठवली. रस हातानंच पिळला, कोयी एका घमेल्यात. वर तूप आणि चिमूटभर मिरपूड.

दुपारी चारला दादाला हार, शाल, श्रीफळ घालून जीपमधून आणलं, पुढे बँड. ४४ अंशात बँडवाल्यांनी कोट घातले होते, त्यांना आधी पन्हं दिलं. शेडमधली माणसं अंगणात दाटीवाटीनं बसली. भाषणं आखूड झाली, कारण रस पुढ्यात होता.

या गर्दीतच एक तरुण जोडपं आलं. हे क्वार्टर आपल्याला मिळेल अशी त्यांना आशा होती, म्हणून फक्त बघायला. नवऱ्यानं नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारलं, बायकोनं कूलर कुठल्या खिडकीला बसतो ते. वहिनीनं ते दोन मिनिटांत सांगून टाकलं आणि तिला मागच्या अंगणात नेलं. बेल कधी उतरवायचा, रामफळाला वटवाघळं येतात तेव्हा पिशव्या बांधायच्या, कढीपत्त्याच्या मुळाशी ताक ओतायचं, आजींना विचारल्याशिवाय मोठ्या आंब्याकडे जायचं नाही. ती मुलगी मोबाइलवर लिहून घेत होती. मध्येच तिनं विचारलं, "काकू, मी इथं पेरू लावला तर चालेल?"

"लाव नं," वहिनी म्हणाली, "पण पायरीजवळ नको. शेवटच्या क्वार्टरवाल्याची बकरी खाते."

रात्रीच्या गाडीला निघाले तेव्हा सामानात मेथांब्याची बरणी, टेंभरं आणि दोन डझन अर्धे कच्चे आंबे. आंबे पेपरात एकेक गुंडाळून, खोक्याला भोकं पाडून, सीटखाली ठेवावेत. वरच्या बर्थवर ठेवले तर रात्रभर डबा वासानं जागा राहतो आणि सकाळी सहप्रवाशांना वाटावे लागतात.

दादा-वहिनी आता मानेवाड्याकडे फ्लॅट घेऊन राहणार आहेत. तिसरा मजला, लिफ्ट, खाली पार्किंग आणि एक गुलमोहर. मागच्या महिन्यात चाव्या घ्यायला गेली तेव्हाच वहिनीनं बाल्कनीतून पाहून ठेवलंय, की शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर एक रायआवळ्याचं झाड आहे आणि कोपऱ्यात शेवगा. प्लॉटचा मालक अमेरिकेत असतो, ही माहितीही तिनं वॉचमनकडून काढलीय.